‘ईएफ ६० टक्के’ म्हणजे अण्णांचं हृदय चाळीस टक्के गेलं का?

प्रश्न तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदाराच्या मुलाचा आहे. वडील, म्हणजे अण्णा, वय ६४, बीपीची गोळी चालू. छाटणीच्या धांदलीत खताची पोती बांधावरून आत नेताना छातीच्या मधोमध जळजळतं, थांबलं की दोन-चार मिनिटांत जातं. रात्री जेवून शतपावलीला निघाले की हमखास होतं, म्हणून घरच्यांनी पित्तावर ढकललं. गावात पट्टी (ईसीजी) काढली, ती नॉर्मल. मग मिरजेला टूडी इको झाला. रिपोर्टात लिहिलंय: ईएफ ६० टक्के, ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन, माइल्ड एमआर, ट्रिव्हियल टीआर, भिंतींच्या हालचालीत दोष नाही. डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल सुरू केली आणि टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून करायची तपासणी, करून घ्या म्हणाले.

घरी रिपोर्ट वाचून पाहुण्यांनी निकाल दिला की हृदय साठच टक्के चालतंय. अण्णांचं म्हणणं, आधीच कमी चालतंय तर ठोके कमी करायची गोळी कशाला? आणि एवढा इको झाल्यावर पुन्हा पट्ट्यावर पळवायचं कशाला? मुलगा विचारतो, ‘डॉक्टर, हृदय मुळात चालतं कसं ते एकदा नीट सांगा, म्हणजे मला अण्णांना समजावता येईल.’

आधी थोडक्यात उत्तर सांगून टाकतो. ६० टक्के हा आकडा चांगला आहे, त्यावरून झोप उडवून घेऊ नका. काळजी करायची ती जळजळीची करा. तिच्याबद्दल इकोच्या रिपोर्टात काही सापडणार नाही, कारण इको ती गोष्ट बघतच नाही. आणि ती गोळी बरोबर आहे. आता हे सगळं का, ते हृदय उघडून सांगतो.

विद्यार्थ्यांना शिकवताना मी अजूनही बकऱ्याचं हृदय आणवतो. मटणवाल्याला एवढंच सांगून ठेवावं लागतं की वरची मोठी नळी, म्हणजे महाधमनी, मुळापासून कापू नको, दोन बोटं राहू दे. रचना माणसाच्या हृदयासारखीच, आकार लहान. माणसाचं साधारण ३०० ग्रॅम भरतं, बायकांचं थोडं कमी. हे हृदय मधोमध आडवं कापलं की दोन पोकळ्या दिसतात आणि त्यांच्यातला फरक बघून पोरं चक्रावतात. एक पोकळी गोल, भिंत जाडजूड, बोटाने दाबली तरी दबत नाही. दुसरी तिला बाजूने बिलगलेली, भिंत पातळ. पातळ ती उजवी, जाड ती डावी.

एकूण कप्पे चार. वरचे दोन अलिंद, म्हणजे आलेलं रक्त घेणारे. खालचे दोन निलय, म्हणजे रक्त ढकलणारे. शरीरभर फिरून आलेलं रक्त उजव्या अलिंदात येतं, तिथून उजव्या निलयात, तिथून फुप्फुसांत. फुप्फुसांतून ऑक्सिजन घेतलेलं रक्त डाव्या अलिंदात, तिथून डाव्या निलयात आणि मग महाधमनीतून सगळीकडे. दोन्ही निलय एकाच वेळी आकसतात आणि दर ठोक्याला सारखंच रक्त टाकतात. मग भिंतीत एवढा फरक का? फुप्फुसं शेजारीच आहेत आणि तिथल्या वाहिन्या रक्ताला फारसा विरोध करत नाहीत. तिथे रक्त पोचवायला २५ मिलिमीटर पाऱ्याचा दाब पुरतो. डाव्याला मात्र डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवायचं असतं, १२० च्या दाबाने. दंडाला पट्टा बांधून आपण मोजतो तो बीपी या डाव्या बाजूचा. बीपी वर्षानुवर्षं चढा राहिला की डावी भिंत आणखी जाड होते, आणि ती जाडी काही कौतुकाची नसते. त्याकडे पुढे येऊच.

डाव्या-उजव्याच्या मधला पडदा अखंड असतो. त्यात बारीक छिद्रं असून रक्त तिथून झिरपतं, असं प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनच्या काळापासून हजारेक वर्षं धरून चालले होते. तेराव्या शतकात अरब वैद्य इब्न अल-नफीसने सांगितलं की रक्त फुप्फुसांतून फिरून येतं. आणि १६२८ मध्ये इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वेने साध्या हिशेबाने दाखवलं की हृदय तासाभरात जेवढं रक्त टाकतं तेवढं अन्नातून तयार होणं शक्यच नाही, म्हणजे तेच रक्त फिरत असणार. हिशेब तुम्हीही करून बघा. दर ठोक्याला ७० मिलिलिटर, मिनिटाला ७० ठोके, म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर. दिवसाचे सात हजार लिटर होतात. अंगात रक्त असतं पाचेक लिटर.

आता झडपा, ज्यांना आपल्याकडे सगळे ‘वॉल’ म्हणतात. तुमच्या विहिरीतल्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह आठवा. त्याला ना वायर, ना कळ. पाणी वर खेचलं की उघडतो, मोटर बंद होऊन पाणी मागे यायला लागलं की त्याच पाण्याच्या भाराने मिटतो. हृदयातल्या चारही झडपा अशाच आहेत. त्यांच्यात स्नायू नाही, त्या स्वतः उघडझाप करत नाहीत. ज्या बाजूला दाब जास्त, तिकडून उघडतात किंवा मिटतात. बकऱ्याच्या हृदयाची ती राखलेली मोठी नळी वर धरून तिच्यात तांब्याने पाणी ओतलं की आतले तीन पातळ पडदे फुगून एकमेकांना भिडतात आणि पाणी तिथंच ठरतं. मेलेल्या हृदयातही झडप चोख काम करते. अलिंद-निलयाच्या मधल्या झडपांना शिवाय बारीक पांढऱ्या दोऱ्या असतात, खाली निलयाच्या भिंतीतल्या स्नायूंना बांधलेल्या. निलय आकसताना दाबाने झडप उलटी वर अलिंदात जाऊ नये, म्हणून. त्या दोऱ्या बोटात धरून ओढून बघितल्या तर सहजासहजी तुटत नाहीत.

स्टेथोस्कोपने ‘लब-डब’ ऐकू येतं ते झडपा मिटतानाचं. लब म्हणजे अलिंद-निलयामधल्या दोन झडपा मिटल्या, डब म्हणजे बाहेर जाणाऱ्या नळ्यांच्या दोन मिटल्या. अण्णांच्या रिपोर्टातलं माइल्ड एमआर म्हणजे डाव्या बाजूची मायट्रल झडप मिटताना थोडं रक्त मागे सुटतं. ट्रिव्हियल टीआर म्हणजे उजव्या बाजूची नावापुरती गळती. ट्रिव्हियल टीआर तर धडधाकट माणसांतही सर्रास दिसतं, आणि माइल्ड एमआरला या वयात उपचार लागत नाही. इकोवाल्याने दिसलं ते लिहिलं, एवढंच. ‘वॉल लीक आहे’ असं म्हणत गावभर फिरू नका. खरी खराब झडप वेगळी. लहानपणी घसा धरून ताप येतो, मग सांधे सुजतात आणि पुढे मायट्रल झडप जाड होऊन चिकटते. ते संधिवाताच्या तापाचं दुखणं आपल्याकडे अजून संपलेलं नाही. अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं लागतं. ते दुखतं म्हणून घरचे बंद करतात, आणि मग झडप बदलायला पोर आमच्याकडे येतं. असो. अण्णांचा त्याच्याशी संबंध नाही.

आता तो साठ टक्क्यांचा घोळ. डावा निलय पूर्ण भरला की त्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त असतं. एका ठोक्यात तो त्यातलं ७० बाहेर टाकतो, ५० आत राहतं. भरलेल्यापैकी किती टक्के बाहेर गेलं, तो आकडा ईएफ. ७० भागिले १२०, म्हणजे ५८ टक्के. हे अगदी निरोगी हृदयाचं उदाहरण आहे. शंभर टक्के कुणाचंच नसतं, असूही नये. आत उरणारं रक्त ही शिल्लक असते, धावायला लागलं की हृदय जोरात आकसून त्यातलं आणखी थोडं वापरतं. साधारण ५५ ते ७० हा चांगला पट्टा. म्हणजे ६० हे काही शंभरपैकी साठ गुण नाहीत. अण्णांचं हृदय पिळण्याच्या कामात उत्तीर्ण आहे, आणि पाहुण्यांना हे माझं नाव सांगून सांगा.

पण पिळणं हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं काम सैल होण्याचं. त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि अण्णांचे उरलेले प्रश्न तिथंच सुटतात.

मिनिटाला ७५ ठोके धरा. एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यातले ०.३ सेकंद निलय आकसलेला असतो आणि ०.५ सेकंद सैल. सैल म्हणजे गप्प पडून राहिलेला नव्हे. आकुंचनासाठी स्नायूपेशीत सुटलेलं कॅल्शियम पुन्हा उचलून साठ्यात भरावं लागतं, त्याला ऊर्जा लागते. स्नायू पटकन सैल झाला की आतला दाब झपाट्याने खाली येतो, मायट्रल झडप उघडते आणि वरचं रक्त भसाभस खाली येतं. मग जरा संथ वेळ जातो. शेवटी अलिंद आकसून उरलेलं रक्त खाली ढकलतं, निलयाच्या भरणीतला साधारण पाचवा ते चौथा हिस्सा.

वय वाढलं, बीपीने भिंत ताठ झाली की सैल व्हायला वेळ लागतो. पहिला लोंढा कमी पडतो आणि अलिंदाच्या शेवटच्या ढकलण्यावर जास्त भिस्त येते. हेच ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन. साठी ओलांडलेल्या, बीपी असलेल्या माणसाच्या इकोवर हे शब्द नसले तरच मला नवल वाटतं. त्याला वेगळी गोळी नाही. बीपी आटोक्यात ठेवायचं, वजन आणि मीठ कमी. द्राक्षबागेच्या कामात वजनाचा प्रश्न सहसा नसतो, पण आपल्याकडच्या जेवणात खर्डा, लोणचं, पापड एकाच ताटात असतात, तेव्हा मिठाचं बघा.

सैल होण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात आणखी एक गोष्ट घडते, आणि अण्णांच्या जळजळीच्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. हृदयाच्या पोकळीत एवढं रक्त असतं, पण हृदयाच्या स्नायूला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. आतला एक अगदी पातळ थर सोडला तर त्या रक्ताने भिंतीचं पोषण होत नाही. भिंतीला रक्त येतं ते बाहेरून. ते बकऱ्याच्या हृदयात दाखवता येतं. मोठ्या नळीत डोकावलं तर त्या तीन पडद्यांच्या जरा वर दोन बारीक भोकं दिसतात. खराट्याची काडी एका भोकात हळूच सरकवली की ती हृदयाच्या पृष्ठभागावर, चरबीखाली, खाचेतून पुढे जाताना बोटाला लागते. ह्या कोरोनरी धमन्या. डावीच्या लगेच दोन फांद्या होतात, एक पुढून खाली उतरते, दुसरी वळसा घालून मागे जाते. उजवी वेगळी. ‘तीन नसा ब्लॉक’ म्हणतात त्या या तीन. माणसात त्यांची जाडी मुळाशी तीन-चार मिलिमीटर.

डावा निलय आकसतो तेव्हा त्याच्या जाड भिंतीत शिरलेल्या या फांद्याही आवळल्या जातात. म्हणून डाव्या भिंतीला रक्त मुख्यतः मिळतं ते ती सैल असताना. बाकी सगळ्या अवयवांना ठोक्याच्या वेळी जास्त रक्त जातं, आणि ते पुरवणाऱ्या हृदयाला स्वतःचं पोट दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात भरावं लागतं.

आता ठोके वाढले की काय होतं ते बघा. मिनिटाला १५० झाले तर एका ठोक्याला ०.४ सेकंद. आकुंचनाचा वेळ थोडासाच कमी होतो, कात्री लागते ती सैल वेळेला. ७५ ठोक्यांना मिनिटातले ३७ सेकंद हृदय सैल असायचं, ते १५० ला पंचविसाच्या आसपास येतं. म्हणजे काम दुप्पट आणि स्वतःच्या जेवणाचा वेळ कमी. त्यात आणखी अडचण अशी की शरीराचे इतर अवयव बसल्या जागी रक्तातला साधारण पाव हिस्सा ऑक्सिजनच काढून घेतात, गरज पडली तर जास्त काढू शकतात. हृदयाचा स्नायू आरामातही सत्तर टक्क्यांच्या वर काढून घेतो. त्याला जास्त हवं असेल तर रक्तच जास्त यायला हवं, दुसरी वाट नाही. निरोगी कोरोनरी धमन्या रुंदावून चार-पाच पट रक्त आणतात, म्हणून माणूस यवतेश्वरचा घाट पळत चढतो आणि त्याला काही होत नाही. धमनी आतून चरबीने अरुंद झाली असेल तर बसल्या-झोपल्या रक्त पुरतं, अगदी ७० टक्के अरुंद झाली तरी पुरतं. पोतं उचललं की तुटवडा. थांबलं की पुन्हा पुरतं. अण्णांची जळजळ नेमकी अशीच वागते.

जेवल्यावरची शतपावलीही याच हिशेबात बसते. पोट भरलं की पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त लागतं, हृदयाला आधीच जादा काम पडतं, त्यावर चालण्याचं ओझं. पित्ताची जळजळ जेवून आडवं झाल्यावर जास्त होते. चालल्यावर येते आणि उभं राहिलं की जाते, त्या जळजळीला पित्त म्हणायचं धाडस मी करत नाही.

आणि ‘हृदय तर डावीकडे असतं, दुखतं मधोमध’ ही समजूतही काढून टाका. हृदय छातीच्या मधल्या हाडामागेच असतं, दोन्ही फुप्फुसांच्या मध्ये, फक्त टोक डावीकडे झुकलेलं. शिवाय हृदयाच्या संवेदना मणक्यात ज्या पातळीवर पोचतात तिथंच छाती आणि हाताच्याही पोचतात, त्यामुळे मेंदूला नेमकी जागा कळत नाही. दुखणं छातीच्या मधोमध, गळ्यात, जबड्यात, एका किंवा दोन्ही हातांत, कधी बेंबीच्या वर जाणवतं. रुग्ण जागा कशी दाखवतो त्याकडे मी नेहमी बघतो. एका बोटाने ‘इथं टोचतंय’ म्हणणाऱ्यापेक्षा अख्खा पंजा छातीवर फिरवून ‘इथं सगळं दाटून येतंय’ म्हणणाऱ्याची मला जास्त धास्ती वाटते. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना तर कधी कधी दुखतच नाही, नुसता दम लागतो किंवा घाम फुटतो.

मग इकोत हे का दिसलं नाही? इको आवाजाच्या लहरींनी हृदय बघतो. १९५३ मध्ये स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी पहिल्यांदा तसं करून बघितलं, तेही जहाजबांधणीच्या कारखान्यातून उसनं आणलेल्या, धातूतले दोष शोधायच्या यंत्राने. इकोत भिंती, झडपा, रक्ताचा वेग छान कळतो. कोरोनरी धमनी आतून किती अरुंद आहे ते नेहमीच्या इकोत कळत नाही. अटॅक येऊन स्नायू मेला असेल तर तेवढी भिंत हलत नाही आणि ते दिसतं. अण्णांची भिंत नीट हलते, म्हणजे अजून नुकसान झालेलं नाही. ही चांगली बातमी आहे, पण ‘इको नॉर्मल म्हणजे ब्लॉकेज नाही’ हा तिचा अर्थ नाही.

पट्टीचंही तेच. उजव्या अलिंदातल्या एका छोट्या पुंजक्यातून विजेचा संदेश निघतो, अलिंदांत पसरतो, मधल्या गाठीत साधारण एक दशांश सेकंद थांबतो (तेवढ्यात निलय भरून घेतात) आणि मग तारांसारख्या तंतूंतून निलयांत जातो. पट्टी या विजेची नोंद घेते, तीही त्या दहा सेकंदांची. झोपलेल्या माणसाच्या हृदयाला रक्त पुरत असेल तर पट्टी नॉर्मलच येणार. म्हणून पट्ट्यावर चालवून, ठोके वाढवून, तुटवडा पडतो का ते बघायचं. ती टीएमटी. तीही शंभर टक्के खात्रीची नाही. लक्षणं अशी ठळक असताना टीएमटी चांगली आली तरी डॉक्टर सीटी अँजिओ किंवा अँजिओग्राफी, म्हणजे धमन्या आतून किती अरुंद आहेत ते दाखवणारी तपासणी, सुचवतील. तेव्हा ‘पैसे काढायला सांगतायत’ असा सूर लावू नका.

मेटोप्रोलॉल कशासाठी, ते आता अण्णांनाच सांगता येईल. ती ठोके आणि आकुंचनाचा जोर आवरते. हृदयाची ऑक्सिजनची मागणी कमी होते आणि सैल वेळ वाढतो, म्हणजे भिंतीला रक्त मिळायला जास्त सेकंद मिळतात. ताठ निलयाला भरायलाही वेळ मिळतो. नाडी साठच्या आसपास आली म्हणून घाबरायचं नाही. चक्कर, फार थकवा किंवा नाडी पन्नासच्या खाली असेल तर डॉक्टरांना कळवा. दमा असेल तर तेही आधी सांगा.

टीएमटी होईपर्यंत पोती उचलायला गडी लावा आणि जेवणानंतर तासभर चालणं टाळा. टीएमटी पुढच्या महिन्यावर ढकलू नका, याच आठवड्यात उरका. जळजळ बसल्या जागी व्हायला लागली, थोड्याशा कामानेही यायला लागली, किंवा घाम आणि उलटीसारखं वाटून पंधरा-वीस मिनिटं टिकली, तर टीएमटीची वाट न बघता १०८ ला फोन करून जिथे चोवीस तास हृदयविकाराची सोय आहे तिथे न्या, मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती बसूनच घ्यायची, बीपी उतरून माणूस उभ्याउभ्या पडतो. आणि टीएमटीच्या आधी मेटोप्रोलॉल एक-दोन दिवस थांबवायची की चालू ठेवायची, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. स्वतःच्या मनाने ती एकदम बंद केली तर ठोके उसळतात आणि अशाच माणसाला त्याचा फटका बसतो.